भुंगेरा ओळखा, मगच फवारणी करा

धानाची लोंब बाहेर पडू लागली की भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्याची नजर बांधीवरून हलत नाही. पऱ्हे टाकल्यापासून घेतलेल्या कष्टांचे फळ आता थोड्याच दिवसांत ठरावयाचे असते. अशा वेळी लोंबीवर लाल रंगाचा भुंगेरा बसलेला दिसला, तर मनात शंका येणे स्वाभाविक आहे. पूर्वी असा किडा आगपेटीत घालून शेतकरी तालुक्याच्या गावी घेऊन येत असे. आता भ्रमणध्वनीवर त्याचे छायाचित्र काढले जाते आणि क्षणार्धात ते अधिकाऱ्याच्या हाती पडते. ही सोय मोठी आहे. परंतु छायाचित्र हाती आले म्हणजे किडा ओळखला गेला, असे मात्र नव्हे.

प्रस्तुत लेखकाला हा धडा स्वतःच्या चुकीतून मिळाला. काही वर्षांपूर्वी आश्विन महिन्यात लाखांदूर तालुक्यातील एका शेतकऱ्याने लाल भुंगेऱ्याचे एकच छायाचित्र पाठविले. ते अस्पष्ट होते. किडा केवढा, तो कोणत्या झाडावर आहे, त्याने काय खाल्ले, यांपैकी काहीच त्यात दिसत नव्हते. त्या दिवशी कामाची घाई होती. काकडी व भोपळ्यावरील लाल भुंगेऱ्याशी त्याचे साम्य वाटले आणि लेखकाने तेच नाव कळविले. शेतकऱ्याने त्या नावावर औषध मागितले व धानावर फवारले. पुढे बांधीत तपकिरी तुडतुडे वाढले व पीक जागोजागी गोलाकार करपले. तेव्हा शेतात जाऊन पाहिले असता, न फवारलेल्या शेजारच्या बांधीत तेच लाल भुंगेरे तुडतुड्यांची पिल्ले खाताना आढळले. तुडतुडे वाढण्यास दाट रोवणी, नत्राचा जास्त वापर अशी इतरही कारणे असतात. सारा दोष त्या एका फवारणीवर टाकता येणार नाही. तरीपण पिकाचे रखवालदार आपल्याच सल्ल्याने मारले गेले, ही गोष्ट मनाला लागून राहिली. ती पुन्हा कोणाच्या हातून घडू नये, यासाठी हा लेख आहे.

भुंगेरा म्हणजे काय?

ज्या किड्याच्या पुढील पंखांची जोडी कठीण होऊन पाठीवर टरफलासारखी बसते व उडण्याचे मऊ पंख तिच्याखाली दडलेले असतात, तो भुंगेरा होय. जगात भुंगेऱ्यांच्या सुमारे ४ लाख जातींची नोंद झाली आहे. त्यांतील काही पाने खातात, काही मुळे, काही साठविलेले धान्य, तर काही दुसऱ्या किड्यांवर जगतात. म्हणून ‘भुंगेरा दिसला’ एवढ्यावरून शत्रू की मित्र हे ठरत नाही. रंगावर तर मुळीच विसंबू नये. लाल रंग दोघांचाही असतो.

धानाच्या बांधीतील भुंगेरे

धानावर हानी करणारा एक भुंगेरा म्हणजे हिस्पा. हा सुमारे ५ मिलिमीटर लांब, निळसर काळा व चकाकणारा असून त्याच्या अंगावर काटे असतात. तो पानाचा हिरवा भाग खरवडतो, त्यामुळे पानावर शिरांना समांतर पांढऱ्या रेघा उमटतात. त्याची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून आतील भाग खाते व तेथे फुगीर पांढरट चट्टे पडतात. तो पानाच्या टोकाकडे अंडी घालतो. म्हणून प्रादुर्भाव असल्यास रोवणीपूर्वी पऱ्ह्यांचे शेंडे खुडून नष्ट करणे उपयुक्त ठरते.

याउलट ढालकिडा हा शेतकऱ्याचा मित्र होय. त्याचे शरीर अर्धगोल, उपडी ठेवलेल्या वाटीसारखे असते. डोक्यावरील मिशा आखूड असून टोकाशी किंचित जाड असतात. काहींच्या पाठीवर काळे ठिपके किंवा नागमोडी पट्टे असतात. पण धानात सर्रास आढळणारी एक जात ठिपक्यांवाचून, नुसती नारिंगी-लाल असते. धान फुलोऱ्यात असताना ती परागकणही खाते आणि त्यामुळे लोंबीवर दिसते. तिला पाहून ‘किडा दाणे खातो’ असा समज होतो, आणि नेमक्या याच समजुतीपायी तिचा बळी जातो. वस्तुतः तुडतुड्यांची पिल्ले व अंडी हे तिचे भक्ष्य होय.

बांधीत आणखी दोन मित्र भुंगेरे वावरतात. त्यांचे रूप पाहून ते भुंगेरे आहेत असे वाटतही नाही. एकाची मान लांब व बारीक, अंग तांबूस आणि त्यावर निळसर काळे पट्टे असतात. तो चुडांमधून वेगाने धावतो व पाने गुंडाळणाऱ्या अळ्या आणि तुडतुडे खातो. दुसऱ्याचे कठीण पंख फार आखूड व निळसर असून पोटाचा तांबडा-काळा भाग उघडाच असतो, म्हणून तो मुंगळ्यासारखा दिसतो. तोही किडी खाणारा आहे. मात्र रात्री दिव्याच्या उजेडाला आलेला हा किडा अंगावर बसल्यास चिरडू नये, फुंकर मारून उडवावा. त्याच्या अंगातील द्रवाने त्वचेवर फोड येतात.

वाडीतील फसगत

वेलवर्गीय भाज्यांवरील लाल भुंगेरा ६ ते ८ मिलिमीटर लांबीचा, म्हणजे धानातील लाल ढालकिड्याहून मोठा असतो. त्याचे अंग लांबट, मिशा धाग्यासारख्या लांब आणि पोटाची बाजू काळी असते. वरून काढलेल्या छायाचित्रात ही काळी बाजू कधीच दिसत नाही. तो काकडी, भोपळा, दोडका यांच्या कोवळ्या पानांना भोके पाडतो, आणि त्याची अळी जमिनीत राहून मुळे खाते.

वांग्यावर याहून मोठी फसगत होते. वांग्याची पाने खाणारा भुंगेरा हा ढालकिड्यांच्याच कुळातील आहे. तसाच गोल, तसेच काळे ठिपके. कुळ एक, पण करणी निराळी! फरक असा की, मित्र ढालकिड्याची पाठ गुळगुळीत व चकचकीत असते, तर वांग्यावरील भुंगेऱ्याच्या पाठीवर बारीक लव असल्यामुळे ती मळकट दिसते. अळ्यांवरून हा भेद अधिक स्पष्ट होतो. वांग्यावरील अळी पिवळी, मंद व सर्वांगावर फांद्या फुटलेल्या काट्यांची असून ती पानाचा हिरवा भाग खरवडून शिरांची जाळी शिल्लक ठेवते. मित्र ढालकिड्याची अळी काळसर करडी, नारिंगी डागांची, सुसरीच्या आकाराची व चपळ असते. ती मावा शोधत फिरते, पानाला शिवत नाही. ही अळी दिसायला भयंकर असल्याने अनेक शेतकरी तिला शत्रू समजून मारतात.

धुऱ्यावरचा मेक्सिकन भुंगेरा

पावसाळ्यात धुऱ्यावरील व रस्त्याकडेच्या गाजरगवतावर मळकट पांढऱ्या पाठीचे, तपकिरी नागमोडी रेघा असलेले भुंगेरे झुंडीने दिसू शकतात. ते आपोआप आलेले नाहीत. गाजरगवताचा नाश करण्यासाठी ते मेक्सिकोतून बंगळूर येथे आणले गेले व चाचण्यांनंतर १९८४ साली सोडण्यात आले. गाजरगवताची चाळण झालेली दिसली तर ते त्यांचे काम समजावे व त्यांच्यावर फवारणी करू नये.

एखाद्या भुंगेऱ्याचे मोल किती असू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने दाखविले आहे. तेथील संत्रावर्गीय बागा एका खवलेकिडीने उजाड होऊ लागल्या होत्या. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून एक ढालकिडा आणून सोडला गेला आणि अल्पावधीत त्या बागा वाचल्या. जो मित्र दुसऱ्यांनी समुद्रापलीकडून आणला, त्याचेच भाऊबंद आपल्या बांधीत विनामूल्य राबत आहेत.

छायाचित्र कसे घ्यावे?

सकाळी ऊन चढण्यापूर्वी भुंगेरे सुस्त असतात. ती वेळ उत्तम. पुढील चार छायाचित्रे अवश्य घ्यावीत:

१. किडा वरून, पाठ स्पष्ट दिसेल असा.

२. किडा बाजूने, मिशा व पाय दिसतील असा. शक्य झाल्यास उलटा करून पोटाकडूनही.

३. ज्या पानावर, खोडावर किंवा लोंबीवर तो आहे तेथील खाल्ल्याची खूण.

४. संपूर्ण झाड व आजूबाजूची बांधी.

किड्याशेजारी धानाचा एक दाणा ठेवावा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. भिंग प्रथम स्वच्छ पुसावे. उन्हाची तिरीप किंवा भ्रमणध्वनीचा दिवा चकचकीत पाठीवर पडला की रंग व ठिपके झाकले जातात, म्हणून छत्रीची अथवा हाताची सावली धरावी. दुसऱ्याकडून फिरत आलेले चित्र पुढे धाडू नये. ते कोणत्या गावचे व कोणत्या पिकावरचे, हे सांगणारा कोणी नसतो.

छायाचित्रासोबत गावाचे नाव, तारीख, पीक व त्याची अवस्था, मागील फवारणीचे औषध आणि किडा झाडाच्या कोणत्या भागावर होता, हे लिहावे. बांधीत तिरपे चालत जाऊन १० चूड तपासावेत व किडे किती आणि खाल्लेली पाने किती, हे वेगवेगळे मोजावे. किडे पुष्कळ व खाल्लेले पान एकही नाही, असे आढळल्यास तो किडा पान खाणारा नसावा, हे तर्काने कळते. चूड बाजूला सारून बुंध्याशी तुडतुडे आहेत काय, हेही पाहावे.

बाटलीची कसोटी

शंका उरल्यास एक सोपी कसोटी करावी. काचेच्या स्वच्छ बाटलीत त्याच झाडाचे ताजे पान, ५ ते १० तुडतुडे किंवा मावा आणि दोन-तीन भुंगेरे ठेवावेत. तोंडाला पातळ फडके बांधून बाटली रात्रभर सावलीत ठेवावी. सकाळी पान खरवडलेले दिसले तर तो पान खाणारा. पान शाबूत असून तुडतुडे किंवा मावा कमी झाला असेल तर तो मित्र. एका रात्रीच्या विलंबाने पीक बुडत नाही. चुकीच्या फवारणीने मात्र खर्च वाया जातो आणि मित्रही गमावतात.

छायाचित्राची मर्यादा

काही भुंगेऱ्यांची नेमकी जात उत्तम छायाचित्रावरूनही सांगता येत नाही. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब व बाभळीवर जमणारे हुमणीचे तपकिरी भुंगेरे हे त्याचे उदाहरण. एकसारख्या दिसणाऱ्या त्यांच्या जाती वेगळ्या करण्यास नमुना तपासावा लागतो. अशा वेळी काही भुंगेरे छोट्या बाटलीत घालून, गाव व तारखेची चिठ्ठी लावून साकोली येथील कृषी विज्ञान केंद्राकडे द्यावेत. तथापि शेतकऱ्याला प्रत्येक वेळी शास्त्रीय नावाची गरज नसते. तो काय खातो व त्याची संख्या किती, एवढे निश्चित कळले तरी निर्णय घेता येतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना विनंती अशी की, शेतकऱ्याने ‘हा कोणता किडा?’ असे विचारल्यास ‘तो काय खाताना दिसला?’ हा प्रश्न त्याला आधी विचारावा. उत्तर अपुरे असेल तर औषधाचे नाव सांगू नये, बांधीवर जावे. अपुऱ्या छायाचित्रावर ‘सांगता येत नाही’ असे उत्तर देण्यात कमीपणा नाही. ते उत्तर त्या आश्विनात दिले गेले असते, तर एका शेतकऱ्याची फवारणी टळली असती आणि त्याच्या बांधीतील रखवालदार जिवंत राहिले असते.