परसातील पाणवनस्पती, लेखांक सातवा : लव्हाळ्याचे कुळ आणि त्याचा सांभाळ

कमळ आणि कुमुद यांचा परामर्श मागील लेखांकांत घेतल्यानंतर आज ज्या कुळाकडे वळावयाचे आहे, त्याला फुलांचे वैभव नाही, त्याचा सुगंध असलाच तर तो मातीखाली दडलेला असतो, आणि बहुतेक लोक त्याची गणना गवतात करून मोकळे होतात. हे लव्हाळ्याचे कुळ. जगभर सुमारे साडेपाच हजार जातींत विस्तारलेल्या या कुळातच, ज्याच्या गाभ्यापासून प्राचीन मिसर देशाने लेखनपत्रे तयार केली तो पपायरस येतो; ज्याच्या वाळलेल्या कंदावाचून दिवाळीच्या उटण्याला वास चढत नाही आणि ज्याला वैद्यांनी ज्वरावरील षडंगोदकात स्थान दिले तो नागरमोथा येतो; आणि ज्यांच्या चिरलेल्या दांड्यांपासून तमिळनाडूत पत्तमडईच्या व बंगालात मेदिनीपूरच्या विख्यात चटया विणल्या जातात, त्या जातीही येतात. लव्हाळे पुरात कसे तग धरते हे तुकोबांच्या दृष्टान्तामुळे मराठी मनाला परिचित आहे. परंतु ते उन्हाळ्यात कसे तग धरते हा प्रश्न रत्नागिरीच्या परसात अधिक निकडीचा असून आजच्या लेखांकाचा तोच विषय आहे.

प्रथम ओळख. संशयित रोपाचा दांडा दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच फिरवावा. गवताचा दांडा गोल, पेरांनी विभागलेला आणि बहुधा आतून पोकळ असतो, तर लव्हाळ्याच्या बहुसंख्य जातींत दांड्याला तीन कडा जाणवतात, मध्ये पेर सापडत नाही आणि आत भरीव गाभा लागतो. पानेही गवतासारखी दोन रांगांत न येता तीन रांगांत येतात. इतकी परीक्षा परसातल्या कामास पुरेशी आहे. याहून सूक्ष्म भेद बीजांवरून करावे लागतात, आणि त्यासाठी ज्याला जिज्ञासा असेल त्याने थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला ग्रंथ अवश्य पाहावा.

आता आपल्या भूमीचा विचार करू. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, परंतु तो जवळजवळ सगळा मृगापासून हस्तापर्यंत पडून जातो. आणि ज्या जांभ्यावर तो पडतो तो सच्छिद्र असल्याने पाणी धरून ठेवण्याऐवजी खाली उतरवून देतो, म्हणून श्रावणात तुडुंब वाहणारे वहाळ फाल्गुनात कोरडे पडतात आणि वैशाखात विहिरींचे तळ दिसू लागतात. आपल्याला पाण्याचा तोटा नाही, पाण्याच्या सातत्याचा तोटा आहे. या परिस्थितीला लव्हाळ्याच्या कुळाने निसर्गतःच दोन भिन्न उत्तरे दिली आहेत. ज्या कातळावर आपल्या पूर्वजांनी कातळशिल्पे कोरली आणि ज्याची नोंद महसुली दफ्तरात पोटखराबा अशी होत आली, त्या सड्यावर पावसाळ्यात बोटभर मातीत आणि उथळ पाण्यात याच कुळातील इवल्याशा जाती उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि कातळ तापण्यापूर्वी आपला संसार आवरून घेतात. रत्नागिरीचेच नाव धारण करणारी फिम्ब्रिस्टायलिस रत्नागिरिका याच कुळातली आहे. दुसरे उत्तर बहुवर्षायू जातींचे : त्या चिखलात आडवे खोड पसरून राहतात, परंतु तो चिखल बारमाही ओला असावा एवढी त्यांची मागणी असते. परसात लावावयाच्या त्या या दुसऱ्या वर्गातल्या. सड्यावरील रोपे कौतुकाने खणून कुंडीत आणण्याचा मोह कोणी धरू नये. त्यांचे आयुष्य त्या कातळाच्या आणि त्या चार महिन्यांच्या हिशेबाने बेतलेले आहे, कुंडीत ती जगत नाहीत, आणि जेथून ती उचलली तेथे मात्र बी पडावयाचे राहून जाते. ज्या जमिनीला दफ्तराने निरुपयोगी ठरविले तिच्यावर एवढी विरळा संपत्ती असावी, आणि आपणच तिची नासाडी करावी, याचे मला मनापासून दुःख होते.

चिखलात मूळ श्वास कसा घेते हे समजले की जोपासनेचे बहुतेक नियम आपोआप समजतात. पाण्याने भरलेल्या मातीत प्राणवायू जवळजवळ उरत नाही, आणि त्यामुळे आंब्याची किंवा काजूची मुळे तेथे कुजतात. लव्हाळ्याच्या दांड्यात आणि मुळांत मात्र वायुमार्गांची अखंड जाळी असते, तिच्यावाटे वरील प्राणवायू थेट मुळांपर्यंत पोहोचतो आणि त्यातला थोडा मुळांच्या भोवतालच्या चिखलातही झिरपतो. आपली जांभ्याची माती लोहाने समृद्ध आहे. प्राणवायूच्या अभावी हे लोह चिखलात विरघळते, आणि मुळाजवळ प्राणवायूची भेट होताच गंजाच्या रूपाने पुन्हा घट्ट होऊन मुळावर बसते. म्हणूनच पाणथळातले लव्हाळे उपटून धुतले तर त्याची मुळे तांबूस दिसतात. पाझराच्या पाण्यावर तेलासारखा जो तवंग दिसतो आणि ज्याला पाहून अनेक गृहिणी पाणी बिघडले असे समजतात, तोही बहुधा याच लोहाचा असतो. काठीने स्पर्श करताच तो काचेच्या तुकड्यांसारखा फुटला, तर तेलाची शंका सोडून द्यावी.

लावणीसाठी रोपवाटिकेत सहज मिळणारी जात म्हणजे अंब्रेला पाम या नावाने विकले जाणारे रोप. तो पाम मुळीच नव्हे. आफ्रिका आणि मादागास्कर येथून आलेला तो लव्हाळ्याचाच एक बांधव असून त्याच्या दांड्याच्या शेंड्यावर पानांसारखी पत्रके छत्रीच्या काड्यांप्रमाणे चहूकडे पसरतात. त्याची अभिवृद्धी अत्यंत सुलभ आहे. एक सुदृढ छत्री चार बोटे दांड्यासह कापावी, पत्रके निम्म्यावर छाटावी, आणि ती उलटी करून पाण्याच्या भांड्यात सावलीत तरंगत ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत पत्रकांच्या बेचक्यांतून मुळे व कोंब फुटतात. निसर्गातही दांडा वाकून छत्री पाण्याला टेकली की हेच घडते, आणि याच कारणास्तव हे परदेशी रोप वहाळाच्या किंवा पाटाच्या काठी कदापि सोडू नये, परसाच्या हद्दीतच ठेवावे. ज्यांना परके रोप नको असेल त्यांनी स्वतःच्या मळ्याच्या बांधावरचे बारमाही लव्हाळे मुळासकट आणावे. मी स्वतः त्यालाच प्राधान्य देतो. नागरमोथ्याची जात मात्र भाजीच्या वाफ्याजवळ लावू नये. त्याचे कंद मातीखाली साखळीने जोडलेले असतात, आणि वरचा कोंब उपटला की साखळीतले निद्रिस्त कंद जागे होतात, त्यामुळे उपटणाराच त्याचा प्रसार करतो.

रोप कोठे लावावे, या प्रश्नाला माझे उत्तर निश्चित आहे : न्हाणीच्या आणि मोरीच्या पाण्यावर. वैशाखात विहीर आटली तरी घरात स्नान होते, भांडी विसळली जातात. परसातले अखंड वाहणारे पाणी तेवढेच. कोकणातल्या गृहिणींनी तेथे अळू आणि केळ लावण्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालविली आहे, आणि जर्मनीत प्लॉन येथे काथे झायडेल या विदुषीने १९५० नंतरच्या दशकात सरोवरातील लव्हाळ्याच्या एका जातीवर प्रयोग करून असल्या वनस्पतींच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करता येते असे दाखविले. तेव्हा मोरीच्या तोंडाशी प्रथम एक छोटा खड्डा करून त्यात नारळाची सोडणे भरावी, म्हणजे तेलकटपणा व खरकटे तेथे अडते. सोडणे काळी पडली की बदलावी. त्यापुढे ढोपरभर खोलीचा चर खणून तळ चिकणमातीने चोपून घ्यावा, कारण उघडा जांभा एका रात्रीत पाणी पिऊन टाकील. चरात मळ्याची गाळमाती भरावी, शेणखत मुरलेले आणि मूठ-दोन मूठच घालावे, आणि वर जांभ्याच्या कपच्यांचा थर द्यावा. मोठा चर शक्य नसेल तर तळाला भोक नसलेले सिमेंटचे टाके किंवा विहिरीवरची जुनी दगडी डोण उत्तम. फिनेल आणि ब्लिचिंग पावडरीचे पाणी मात्र या चरात जाऊ देऊ नये. ज्या सूक्ष्म जीवांच्या जोरावर पाणी निवळते, ते त्याने मरतात. असे निवळलेले पाणी माडाच्या अळ्याला घालावे, पिण्यास किंवा कोथिंबिरीवर शिंपडण्यास नव्हे.

पाण्याची पातळी मातीवर दोन-तीन बोटे असली की पुरे. उभे पाणी राहणाऱ्या टाक्यात डासांच्या बंदोबस्तासाठी गप्पी मासे सोडावे. चरात पाणी कपच्यांच्या खालीच राहील अशी तजवीज केली तर त्यांचीही गरज उरत नाही. ऊन अर्धा दिवस मिळाले तरी रोप संतुष्ट असते. पत्रकांची टोके तपकिरी पडू लागली तर दोन कारणांचा संशय घ्यावा. एक, मध्येच केव्हातरी माती कोरडी पडली असावी. दुसरे, पाण्यात क्षार वाढला असावा : खाडीलगतच्या वाड्यांतील विहिरी चैत्र-वैशाखात मचूळ होतात आणि छत्रीच्या रोपाला ते पाणी मानवत नाही. अशा ठिकाणी खाजणाच्या काठी आपखुशीने वाढणाऱ्या, क्षार सोसणाऱ्या जातीच लावाव्या. भरती-ओहोटीचे पाणी त्यांच्या अंगवळणी पडलेले असते.

दांडा एकदा तपकिरी पडला की पुन्हा हिरवा होत नाही, म्हणून तो बुडाशी कापावा. मधोमध कापल्यास उरलेला खुंट कुजत राहतो. दोन-तीन वर्षांनी झुबक्याचा मध्यभाग निर्जीव होऊन वाढ केवळ कडेने होऊ लागते, तेव्हा मृगाच्या पहिल्या सरींनंतर झुबका खणून धारदार कोयत्याने त्याचे भाग करावे, कडेचे तजेलदार भाग पुन्हा लावावे आणि मधला टाकून द्यावा. आषाढातल्या वाऱ्याने उंच दांडे मोडतात, त्याची चिंता करू नये; मात्र चराला एक सांडवा ठेवावा आणि त्याच्या तोंडाशी जाळी लावावी, म्हणजे जोराच्या पावसात तरंगत्या छत्र्या वाहून वहाळात जाणार नाहीत. कापलेले दांडे वाळवून माडाच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरावे. माडाच्या अळ्यातला ओलावा त्यांच्या सावलीत अधिक दिवस टिकतो.