छोट्या संस्थेचा स्वतःचा शोध

शोधयंत्राचा गाभा म्हणजे उलटी सूची: प्रत्येक शब्दापुढे तो ज्या मजकुरांत आला त्यांचे क्रमांक. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिलेले ‘ल्युसीन’ हे सॉफ्टवेअर अशी सूची विनामूल्य तयार करते; त्यामुळे भिवंडीतल्या यंत्रमाग कामगारांच्या एखाद्या छोट्या संस्थेलाही आपल्या कागदपत्रांपुरता शोध उभारता येतो. खरी मेख भाषेत आहे. ‘मागावर’, ‘मागाचा’, ‘मागांना’ ही रूपे ‘माग’खाली आणावी लागतात, पण प्रत्यय आंधळेपणाने छाटले, तर ‘मागणे’ही तिथेच येऊन बसते. शिवाय ‘दुसऱ्या’तला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो, दिसतो मात्र एकसारखाच; सूची करण्याआधी हा फरक काढावा लागतो. भिवंडीत मराठीबरोबर उर्दू आणि तेलुगूही बोलली जाते, म्हणून समानार्थी शब्दांची यादी तिन्ही लिप्यांत हवी. तिच्यासाठी संगणकतज्ज्ञापेक्षा माग चालवणाऱ्यांची मदत अधिक लागते.