बदकाचा पेटा आणि शिकाऱ्याची बंदूक

गावठी कोंबडीचा पेटा चिरला की आत बारीक खडे निघतात. पक्ष्याला दात नसतात, म्हणून तो खडे गिळतो आणि पोटातल्या या जाड स्नायूच्या जात्यात दाणे भरडतो. शास्त्राच्या पुस्तकात याला पेषणी म्हणतात. पक्ष्यांच्या शिकारीसाठी आज जी अर्धस्वयंचलित छऱ्याची बंदूक वापरतात, तिची आतली रचना बदलायला हीच पेषणी कारणीभूत ठरली. या बंदुकीची निवड करणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी, असे मला वाटते.

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात स्टटगार्ट नावाचे गाव आहे. भोवती भातशेती, आणि हिवाळ्यात पाण्याखाली जाणारी ओकची राने. उत्तरेकडून उतरणारी मॅलार्ड बदके इथे थव्यांनी येतात आणि त्यांच्यामागे शिकारीही येतात. मध्यम आकाराच्या छऱ्यांचे काडतूस घेतले तर त्यात दीडशेच्या आसपास शिशाचे छर्रे मावतात. त्यातले दोन-चार पक्ष्याला लागतात, बाकीचे चिखलात जातात. असा प्रत्येक हंगाम, वर्षानुवर्षे. चिखल चाळून खडे शोधणारे बदक हे छर्रेही गिळते. पेषणी ते भरडते, पोटातले आम्ल ते विरघळवते आणि शिसे रक्तात उतरते. पंख लुळे पडतात, खाल्लेले गळ्यात अडकून राहते, छातीचे हाड टोकदार दिसू लागते. दोन-तीन आठवड्यांत पक्षी लव्हाळ्यात मरून पडतो आणि कोल्हे-गिधाडे त्याला उचलून नेतात. त्यामुळे हे मरण डोळ्यांत भरतच नव्हते.

जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी 1894 मध्येच याविषयी लिहिले होते. इलिनॉयमधले संशोधक फ्रँक बेलरोज यांनी हजारो पेषण्या तपासून 1959 मध्ये अंदाज मांडला की उत्तर अमेरिकेतले दोन ते तीन टक्के पाणपक्षी दरवर्षी शिशाने मरतात. मेलेली बदके खाणाऱ्या गरुडांतही विष सापडू लागले, तेव्हा कायदा हलला. 1987 पासून टप्प्याटप्प्याने आणि 1991 पासून देशभर, पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर बंदी आली. बदली धातू म्हणून पोलाद पुढे आले.

इथून भौतिकशास्त्र सुरू होते. शिशाची घनता 11.3, पोलादाची 7.8. एकाच आकाराचा छर्रा घेतला तर पोलादाचा सुमारे तीस टक्के हलका, आणि हलकी वस्तू हवेत लवकर वेग गमावते. 3.3 मिलिमीटर व्यासाच्या शिशाच्या छऱ्याचे वजन साधारण 0.21 ग्रॅम, तेवढेच वजन पोलादात हवे तर व्यास 3.7 मिलिमीटरपर्यंत न्यावा लागतो. मोठे छर्रे जास्त जागा खातात. तितकेच वजन भरायचे तर काडतूस लांब करा, वेग टिकवायचा तर दारू वाढवा. जुने काडतूस 70 मिलिमीटरचे. त्याच्या जोडीला असलेले 76 चे पाणपक्ष्यांसाठी रोजच्या वापरात आले आणि 1988 मध्ये 89 चेही निघाले.

साध्या दुनळी बंदुकीला याने फारसे बिघडत नाही. काडतूस मावले आणि नळी सोसणारी असली की झाले. अर्धस्वयंचलित बंदुकीचे तसे नाही. ती स्वतःच्या कामासाठी लागणारी ऊर्जा प्रत्येक बारातूनच उसनी घेते. रिकामे काडतूस बाहेर फेकणे, घोडा ताणणे, नवे काडतूस नळीत सारणे हे सगळे त्या एका स्फोटाच्या उरल्यासुरल्या जोरावर चालते. सप्टेंबरात होल्यांवर 28 ग्रॅमचा हलका बार टाकायचा आणि डिसेंबरात उंच उडणाऱ्या कॅनडा हंसांवर 44 ग्रॅमचा. उसनवारी हलक्या बाराला बेतून ठेवली तर भारी बार बोल्ट आपटून बंदूक खिळखिळी करतो. भारी बाराला बेतली तर हलका बार काडतूस अर्धवट बाहेर काढून अडकून बसतो. ‘सर्व कामांची बंदूक’ म्हणजे खरे तर बाराची ताकद ओळखणारे यंत्र.

हा प्रश्न शिसेबंदीपेक्षा जुना आहे. त्याला पहिले यशस्वी उत्तर दिले जॉन ब्राउनिंग यांनी. युटाच्या ऑग्डेन गावचा हा माणूस. 1898 च्या सुमारास त्यांनी बनवलेल्या बंदुकीत बार उडाला की नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेले पूर्ण मागे सरकत. मग नळी पुढे जाई, बोल्ट मागे थांबे, आणि त्या फटीतून काडतूस निघे. ताकद ओळखायचे काम मात्र माणसावर होते. नळीखालच्या स्प्रिंगवर घर्षणाच्या कड्या असत आणि भारी काडतुसाला त्या एका क्रमाने, हलक्याला दुसऱ्या क्रमाने लावाव्या लागत. विसरलात तर खांदा आणि लाकडी दस्ता दोघेही ते लक्षात ठेवत. विन्चेस्टर या बंदूक कंपनीशी त्यांचे मानधनावरून बिनसले. रेमिंग्टन या दुसऱ्या कंपनीचे प्रमुख भेटीच्याच दिवशी, जानेवारी 1902 मध्ये, हृदयविकाराने गेले. ब्राउनिंग अटलांटिक ओलांडून बेल्जियमला पोहोचले, आणि ‘ऑटो-5’ तिथे जन्मली. ती शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली.

दुसरी वाट वायूची. नळीला बारीक छिद्रे पाडायची, छर्रे पुढे जात असताना मागचा तप्त वायू थोडासा त्यातून काढून दट्ट्यावर सोडायचा आणि दट्ट्याने बोल्ट ढकलायचा. 1963 ची रेमिंग्टन 1100 या पद्धतीने लोकप्रिय झाली, पण लांब काडतुसांसाठी तिला वेगळी नळी लागे. 1987 च्या 11-87 मध्ये जादा वायू आपोआप बाहेर सोडणारी झडप आली. शिसेबंदीला सुरुवात झाली ते हेच वर्ष. मला सगळ्यांत देखणी वाटते ती नंतरची एक युक्ती: वायूची छिद्रे नळीच्या पार मागे, काडतूस बसते त्या खोलीतच. आखूड काडतूस उडाले तर सगळी छिद्रे उघडी राहतात आणि भरपूर वायू मिळतो. लांब काडतूस आपल्याच अंगाने त्यातली काही झाकून टाकते. काडतुसाची लांबी हीच त्याच्या ताकदीची खूण, आणि ती वाचायला एकही जादा भाग लागत नाही.

तिसरी वाट जडत्वाची, इटलीतल्या उर्बिनोच्या बेनेली कारखान्याची. एसटीने एकदम गचका देऊन वेग घेतला की उभा प्रवासी मागे कलतो. बस पुढे निघते, तो जागीच राहू पाहतो. बार उडाल्यावर बंदूक झटक्याने मागे येते. तिच्यातला जड बोल्ट मात्र त्या प्रवाशासारखा जागीच राहतो आणि त्याच्या तोंडाशी असलेली कडक स्प्रिंग काही मिलिमीटर दबते. तोवर छर्रे नळीबाहेर पडलेले असतात. मग स्प्रिंग उलगडते, बोल्टला मागे भिरकावते, तोंड फिरून कुलूप उघडते. यात वायू काढून घेतलेला नाही, त्यामुळे काजळी आत साचत नाही, आणि चिखलपाण्यात हे वरदान आहे. 70, 76 आणि 89 मिलिमीटरची तिन्ही काडतुसे चालवणारी या पद्धतीची बंदूक 1991 मध्ये आली, देशव्यापी बंदीच्याच वर्षी.

जडत्वाचे तोटेही त्याच नियमातून येतात. बंदुकीवर वजन वाढवले की ती हळू मागे येते आणि हलक्या बाराला स्प्रिंग पुरेशी दबत नाही. बोल्ट हलक्या हाताने पुढे सोडला तर तोंड पूर्ण फिरत नाही. बदक समोर असताना चाप ओढावा आणि नुसता ‘टक’ ऐकू यावा.

आता खांद्याचे. 32 ग्रॅम छर्रे सेकंदाला 400 मीटरने निघाले तर 3.2 किलोची बंदूक केवळ त्या छऱ्यांपायी सेकंदाला चार मीटरने मागे येते. वायूचा जोर त्यात आणखी भर घालतो. हा एकूण धक्का कुठलीही यंत्रणा गायब करू शकत नाही. वायूची बंदूक तो थोड्या जास्त वेळात वाटून देते, म्हणून ती मऊ वाटते. दिवसभर होल्यांवर बार टाकणाऱ्याला हा फरक संध्याकाळी कळतो.

माझे मत विचाराल तर एकाच बंदुकीवर भागवायचे असेल तर बारा बोअर, 76 मिलिमीटरची. (एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या की एकीचा जो व्यास भरतो तो बारा बोअर, म्हणजे 18.5 मिलिमीटर. शिसे गेले, माप त्याच्याच नावाने राहिले.) 89 मिलिमीटरच्या हव्यासाला पडू नये. 28 ते 35 ग्रॅमची मर्यादा ठेवली की यंत्राला ओळखायचे अंतर निम्म्याहून कमी होते आणि अडकण्याचे प्रसंगही. दलदल आणि बर्फ जास्त असेल तर जडत्वाची, होले आणि मातीच्या तबकड्या जास्त असतील तर वायूची. नळीच्या तोंडाशी बसणारी चोकची नळी मध्यम घ्यावी: पोलादी छर्रे चेपत नाहीत, गोल राहतात, म्हणून ते शिशापेक्षा आपणहूनच दाट पडतात. जुन्या नळीत अगदी अरुंद चोकमधून मोठे पोलादी छर्रे सोडले तर नळीचे तोंड फुगू शकते.

आणि दस्ता अंगाला बसला पाहिजे. ताशी 72 किलोमीटरने जाणारे बदक 35 मीटरवर असेल तर छर्रे पोहोचेपर्यंत, एक दशांश सेकंदात, ते दोन मीटर पुढे गेलेले असते. नेम रिकाम्या आकाशावर धरावा लागतो. गाल दस्त्यावर दरवेळी त्याच जागी टेकला नाही तर ही दोन मीटरची अटकळ रोज वेगळी होते.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा विषय मिटवला, आणि ते योग्यच झाले. भरतपूरच्या तळ्यावर 12 नोव्हेंबर 1938 या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो आणि मंडळींनी 4,273 पक्षी मारले. तो आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे. नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात थापट्या आणि तलवार बदके चिखल चाळताना दिसतात, तेव्हा मला तो दगड आठवतो. अमेरिकेने शिकार चालू ठेवली, पण यंत्राच्या वेगाला लगाम घातला. स्थलांतरी पक्ष्यांसाठी 1935 पासून बंदुकीत तीनच काडतुसे चालतात, एक नळीत आणि दोन मॅगझिनमध्ये. मॅगझिनमध्ये लाकडाची किंवा प्लॅस्टिकची दांडी घालून जागा बुजवावी लागते. तपासणीला आलेला वनाधिकारी एक-एक काडतूस मॅगझिनमध्ये सारून पाहतो. तिसरे आत गेले की दंड.

शिसेबंदीनंतर पाच-सहा वर्षांनी, 1996-97 च्या हंगामांत, मिसिसिपीच्या उड्डाणमार्गावर मारलेल्या बदकांच्या पेषण्या संशोधकांनी पुन्हा तपासल्या. मॅलार्डमधले शिशाने होणारे मरण 64 टक्क्यांनी घटल्याचा अंदाज त्यांनी मांडला. पेषण्यांत छर्रे तेव्हाही सापडत होते. त्यांतले बरेच आता पोलादाचे होते.