देवासचा तुकाराम आणि एका देशाचा एक सिनेमा

प्रत्येक देशाचा एक सिनेमा पाहायचा आणि असं करत करत जग पालथं घालायचं, हा संकल्प अनेक रसिक करतात. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देश १९३. आठवड्याला एक सिनेमा पाहिला तर पावणेचार वर्षांचं काम. ऑस्करच्या परभाषिक विभागाचाही नियम हाच, एका देशाकडून दरवर्षी एकच चित्रपट. त्या एका जागेवर भारतातर्फे ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे मराठी चित्रपट गेले, हे आपल्याला ठाऊक आहेच.

पण यादी करायला बसलं की लगेच अडायला होतं. सिनेमाचा देश ठरवायचा कशावरून? पाकिस्तानच्या रकान्यात ए. जे. कारदारांचा ‘जागो हुआ सवेरा’ (१९५९) लिहावा, तर त्याचं चित्रण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात झालेलं. मूळ कादंबरी माणिक बंदोपाध्यायांची, लेखन फैज अहमद फैज यांचं, नायिका कोलकात्याच्या तृप्ती मित्रा आणि कॅमेरा वॉल्टर लासली या ब्रिटिश छायालेखकाचा. अब्देररहमान सिसाको यांच्या ‘टिंबक्टू’ची (२०१४) गोष्ट मालीतली, चित्रण मॉरिटानियातलं आणि ऑस्करला तो गेला मॉरिटानियाच्या नावावर.

या गुंत्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र माळव्यात आहे.

देवास हे एका गावात दोन गाद्या असलेलं पवारांचं संस्थान, थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीचे तुकोजीराव तिसरे यांच्याकडे १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार काही महिने खासगी सचिव म्हणून राहिला. १९१२च्या हिवाळ्यात तो इथे पाहुणा म्हणून येऊन गेलाच होता. पहिल्या भेटीनंतर सुरू केलेली आणि मध्येच अडकलेली कादंबरी त्यानं या मुक्कामानंतर पूर्ण केली. १९२४ साली आलेली ती ‘अ पॅसेज टू इंडिया’. देवासहून घरी लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक ‘द हिल ऑफ देवी’ १९५३ मध्ये निघालं. त्या नावातली टेकडी म्हणजे देवासची चामुंडा मातेची टेकडी.

त्या मुक्कामात फॉर्स्टरनं जुन्या राजवाड्यातला गोकुळाष्टमीचा उत्सव जवळून पाहिला. दिवसचे दिवस चाललेली भजनं, फुलांचे ढीग, गर्दी, गोंगाट आणि झांजा घेऊन देवापुढे नाचणारे खुद्द महाराज. कादंबरीच्या ‘टेम्पल’ या तिसऱ्या भागात हा उत्सव जसाच्या तसा उतरला आहे. तिथे भजनाचे पुढारी आहेत प्राध्यापक नारायण गोडबोले, दक्षिणी ब्राह्मण. भजन तुकारामाच्या नावानं चाललं आहे. तल्लीन होता होता गोडबोल्यांना मिसेस मूर ही म्हातारी इंग्रज बाई आठवते, मग कुठल्याशा दगडावर बसलेली गांधीलमाशी आठवते. त्या दोघींना ते मनानेच देवाकडे नेतात. दगडालाही नेऊ पाहतात, तिथे मात्र जमत नाही. मराठी भजनाच्या फडात माणसाचं मन कसं चालतं, हे एका परक्या लेखकानं इतकं जवळून टिपलं, याचं मला दर वाचनात अप्रूप वाटतं.

१९८४ मध्ये डेव्हिड लीननं या कादंबरीवर चित्रपट काढला. ऑस्करची अकरा नामांकनं, दोन पारितोषिकं. देखणा चित्रपट आहे, यात वाद नाही. पण गोडबोले झाले अ‍ॅलेक गिनेस हे इंग्रज नट. तिसऱ्या भागाची कथा काश्मीरच्या हिमशिखरांकडे गेली आणि गोकुळाष्टमी जवळजवळ गळली. गिनेसवर चित्रित केलेलं गोडबोल्यांचं नृत्यही लीननं संकलनात कापलं. म्हणजे देवासनं त्या कादंबरीला जे दिलं, नेमकं तेच पडद्यावर आलं नाही. ब्रिटनच्या रकान्यात हा चित्रपट खुशाल लिहावा. भारताच्या रकान्यात तो बसत नाही.

देवासचा सिनेमाशी दुसरा धागा आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. तुकोजीरावांच्या पत्नी अक्कासाहेब या शाहू महाराजांच्या कन्या. संसार मोडला आणि त्या माहेरी कोल्हापूरला परतल्या. पुढे त्यांच्याच आश्रयानं कोल्हापुरात शालिनी सिनेटोन ही चित्रपटसंस्था उभी राहिली. बाबूराव पेंटरांनी तिथे ‘उषा’ (१९३५) केला आणि १९३६ मध्ये आपला ‘सावकारी पाश’ बोलका करून पुन्हा काढला. थोरल्या पातीचे महाराज इंग्रजी साहित्यात अमर झाले. त्यांच्या राणीनं मराठी शेतकऱ्याचं दुःख सांगणाऱ्या चित्रपटाला छप्पर दिलं. माझ्या मते राणीचं काम तोलामोलाचं आहे, आणि त्याची नोंद देवासमध्येही व्हायला हवी.

माळव्यातल्या पवारांच्या दुसऱ्या संस्थानाच्या, धारच्या वाट्याला पडद्यावर आलं ते मांडू. बाजबहादूर-रूपमतीच्या कथेवर ‘रानी रूपमती’ (१९५७) निघाला. गुलजारांच्या ‘किनारा’चं (१९७७) चित्रण मांडूच्या महालांत झालं. महाल मनात राहतात, धारची माणसं नाही.

म्हणून माझी कसोटी सरळ आहे: त्या मातीतल्या माणसानं स्वतः सांगितलेली गोष्ट आधी पाहावी. फ्रेंच वसाहतींत चित्रण करायला १९३४च्या हुकमानं सरकारी परवाना लागे. आफ्रिका दिसायची ती युरोपच्या कॅमेऱ्यातून. मार्सेच्या गोदीत काम केलेल्या उस्मान सेंबेन या सेनेगली लेखकानं १९६६ मध्ये ‘ब्लॅक गर्ल’ काढला. डकारची जुआना फ्रान्समध्ये मोलकरीण म्हणून जाते. तिनं मालकिणीला भेट दिलेला लाकडी मुखवटा तिथे पांढऱ्या भिंतीवर शोभेला टांगलेला असतो. त्या मुखवट्याकडे जुआनाच्या नजरेनं पाहायला लावणं सेंबेनलाच जमलं. बांगलादेशासाठी ऋत्विक घटकांचा ‘तिताश एकटि नदीर नाम’ (१९७३) घ्यावा. दिग्दर्शक भारतीय, पण जन्म ढाक्याचा आणि नदी त्याच्या मनातली. इथे पासपोर्ट पाहून चालत नाही.

भारताच्या रकान्यासाठी मी दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) सुचवेन. दोघेही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. मुंबईत तो एका चित्रपटगृहात वर्षाहून अधिक चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. फॉर्स्टरनं देवासला ऐकलेला आणि लीनच्या हातून निसटलेला तुकाराम तिथे विष्णुपंत पागनीसांच्या तोंडून भेटतो. तेव्हा यादीची सुरुवात त्यानं करा, मग ‘तिताश’, मग ‘ब्लॅक गर्ल’. आणि लीनचा चित्रपट लावण्याआधी कादंबरीचा तिसरा भाग जरूर वाचा.