थंडीने राखलेली माती

उकिरड्यात शेण, काडीकचरा, पाला टाकला की काय होते? पावसाळ्यात तो तापतो, कुजतो. वर्षभरात त्याचे खत होते. हे काम कोण करते? डोळ्यांना न दिसणारे बारीक जंतू. त्यांना ओल हवी, हवा हवी आणि ऊबही हवी. आपल्याकडे ऊब भरपूर. म्हणून शेतात घातलेले खत फार दिवस टिकत नाही, पुन्हा पुन्हा घालावे लागते. आपली जमीन काळी दिसते खरी, पण तेवढ्यावरून तिच्यात कुजलेला पाला फार आहे असे समजू नका.

आता हिमालयापलीकडे चला. तिथे तिबेटचे पठार आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच. तिबेटचे पठार सरासरी ४,००० मीटरांहून उंच! बहुतेक ठिकाणी झाड म्हणून दिसायचे नाही. नुसते गवत, आणि त्यावर चरणारे याक. याक म्हणजे लांब केसांचे, बैलासारखे जनावर. त्याचे वाळलेले शेण हेच तिथले सरपण.

तिथे पुष्कळ भागांत जमिनीच्या पोटातली माती बाराही महिने गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा सुटा होतो. खालचा थर दगडासारखा घट्ट, म्हणून पाणी मुरत नाही. सखल जागी दलदल होते. दलदलीत हवा पोचत नाही. थंडी आहे, हवा नाही. मग जंतू काम करणार कसे? गवताची मुळे दरसाल मरतात, पण पुरती कुजत नाहीत. थरावर थर साचतात.

कुठे डोंगरावरची दगडमाती घसरून येते, कुठे वाऱ्याने धूळ येऊन बसते. जुनी जमीन खाली गाडली जाते. खणले की वर फिकट माती, मधेच काळा पट्टा, खाली पुन्हा फिकट. तो काळा पट्टा म्हणजे एके काळचे कुरण. त्या काळी तिथे गवत दाट होते, हे त्यावरून कळते.

पण वय कसे कळणार? कोळशात असतो तो कर्ब गवत हवेतून घेते. त्यातला एक अगदी थोडा भाग आपोआप घटत जातो. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. किती उरला ते मोजायचे आणि हिशेब करायचा. ही रीत अमेरिकेच्या विलर्ड लिबी यांनी काढली. १९६० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या रीतीने मोजले, तर तिबेटातली काही माती हजारो वर्षांची निघते.

आता मात्र पठार तापू लागले आहे. जगाच्या सरासरीहून जास्त वेगाने. माती सुटली की जंतू जागे होतात. साठलेली मुळे, पाने खाऊ लागतात. त्यातून कर्बवायू निघतो, दलदलीतून मिथेन वायूही निघतो. हे वायू हवेत ऊब धरून ठेवतात. हवा तापली की आणखी माती सुटते. उबेने गवत थोडे जास्त वाढते, काही कर्ब परत घेते. पण गेलेले सगळे भरून येईल असा भरवसा नाही.

शिवाय उतार ढासळतात. गवताची साय फाटून खाली सरकते आणि याकांची चराई जाते.

२००६ साली या पठारावरून ल्हासापर्यंत रेल्वे सुरू झाली. खालची जमीन सुटली तर रूळ खचतील, म्हणून जागोजाग रुळांच्या कडेला नळ्या रोवल्या आहेत. थंडीच्या दिवसांत त्या जमिनीतली ऊब बाहेर टाकतात. पण ही सोय रुळांपुरतीच. बाकीचे पठार उघडेच आहे.