स्मारक-दालनातील पदके आणि छायाचित्रे

झाशी हे छावणीचे शहर. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पाठोपाठ दमट पावसाळा येतो. अशा हवेत लष्करी स्मारकातील वस्तूंचे आयुष्य चौकटीवर अवलंबून असते. सावित्री खानोलकर यांनी संकल्पिलेले, १९५० मध्ये स्थापन झालेले परमवीर चक्र कांस्याचे, ते टिकते. त्याची जांभळी फीत मात्र प्रकाशाने विटते. गणवेशावर नुसत्या फिती लावल्या जातात तेव्हा रंगच सन्मानाचे नाव सांगतो, म्हणून ही हानी केवळ शोभेची नव्हे. प्रकाश ५० लक्सच्या आत ठेवावा. पदक डिंकाने न चिकटवता दोऱ्याने बांधावे. छायाचित्रामागे आम्लविरहित पुठ्ठा असावा. काचेला टेकलेले छायाचित्र दमटपणाने तिला चिकटते. मूळ छायाचित्र अंधारात जपून भिंतीवर प्रत लावणे सर्वांत स्वस्त.