मोळी, हाडं आणि मंजिष्ठेचा रंग

दिवाळीच्या आसपास गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यातून कोयते कारखान्यांकडे निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बायकोच्या डोक्यावर चढलेली मोळी हंगाम संपेपर्यंत सुटत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली तर इस्ट्रोजेन आटतं आणि हाडं अकाली विरळ होतात. म्हणून हाड भरून आणणाऱ्या औषधाचा शोध मला फार जवळचा वाटतो. त्या शोधात एक जुना रंग रोज कामाला येतो, तो म्हणजे अलिझरीन.

युरोपातल्या मंजिष्ठेच्या मुळात तो सापडतो. तुरटीत भिजवलेल्या कापडावर तो पक्का बसतो, कारण त्याला धरायला धातू लागतो. हाडात तो कॅल्शियमला धरतो. मंजिष्ठा खाल्लेल्या डुकरांची हाडं लाल होतात, हे लंडनचे शल्यविशारद जॉन बेल्चर यांनी १७३६ साली नोंदवलं.

असं औषध तपासताना प्रयोगशाळेत हाड घडवणाऱ्या पेशी त्या औषधासह साधारण तीन आठवडे वाढवतात. क जीवनसत्त्व आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घातलं की त्या आपल्याभोवती खनिज साठवू लागतात. मग थर फॉर्मेलिननं स्थिर करून त्यावर अलिझरीन रेड एस ओततात. द्रावणाचा सामू ४.२ च्या आसपास राखावा लागतो. खनिज जिथे, तिथे लाल डाग.

पण लाल किती? पूर्वी हे नजरेनं ठरायचं, आणि दोन नजरा क्वचितच जुळायच्या. २००४ साली निघालेल्या पद्धतीत डागातला रंग अ‍ॅसेटिक आम्लानं सोडवतात, ८५ अंशांवर तापवतात, अमोनियम हायड्रॉक्साइडनं उदासीन करतात आणि ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतात. फिकट डागांतला फरकही आकड्यात उतरू लागला. तरी धुण्यात घाई झाली तर सुटा रंग मागे राहतो आणि आकडा फुगतो. जोरात धुतलं तर थरच निघून येतो. माझ्या मते खरं कसब या धुण्यातच आहे.

आणखी एक फसगत आहे. बीटा-ग्लिसरोफॉस्फेट जास्त झालं तर पेशींनी हाडासारखी जाळी विणलेली नसतानाही कॅल्शियम फॉस्फेट साचतं. अलिझरीन तेही तितक्याच निष्ठेनं रंगवतं. म्हणून शेजारी पेशी नसलेली एक ताटली ठेवतात: तेच द्रव, तेच दिवस, तोच रंग. सगळं धुऊन झालं की आधी ती उजेडात धरायची. ती लाल दिसली, तर औषधाच्या ताटलीतला आकडा वहीत चढवायचा नाही.